चौथा गडी

नरसिंग आचाऱ्यानं खिरीच्या कढईवरचं ताट उचललं, आत वाकून बघितलं आणि ताट होतं तसं ठेवून दिलं. मग मंडपाकडं नजर टाकली आणि पुन्हा ताट उचललं. जणू मधल्या वेळात खीर वाढली असेल.

"वैनी," तो मंजुश्रीला म्हणाला. जवळ तीच होती, कडेवर लहानग्या लेकाला, शिवांशला घेऊन. "मला तीनशे पान सांगितलं होतं. हे पाचशेच्या वर दिसायलेत."

"तीनशे आत्ता, अन् अडीचशे संध्याकाळी. असंच ना?"

"मला तेच सांगितलं. पण संध्याकाळचे आत्ताच येलालेत की ओ."

मंजुश्रीनं बघितलं. फाटकातून भालकीची बस आत वळत होती. तिच्या माहेरचीच माणसं, चाळीसेक, वर लेकरं. त्यांच्यामागं डाळ मिलवरचे कामगार, त्यांच्या बायका, आणि निलंग्याचे पाहुणे. मंडपात आधीच मोंढ्यातले व्यापारी, हमाल, मुनीम मांडी घालून बसलेले. कपाळावर विभूती ल्यालेली ती सगळी माणसं एकमेकांना "शरणू शरणार्थी" म्हणत सरकून जागा करून देत होती, आणि सरकायला आता जागाच उरली नव्हती. समोर खुर्चीवर हार घातलेला अप्पांचा फोटो. संगप्पा अप्पा जिवंतपणी बघायचे तसंच फोटोतही थोडं वरून, चष्म्याच्या काठावरून बघत होते.

अप्पा लिंगैक्य होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. उदगीरच्या मोंढ्यामागचं ते दुमजली घर. खाली थोरल्या दयानंद भावजींचा संसार, वर मंजुश्री आणि विरेशचा. चूल खालची, एकच. आणि त्या एका चुलीवरचं खाणारे दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. अप्पांच्या छातीत कळ आली तेव्हा दुपार होती. विरेश म्हणाला होता, आत्ताच्या आत्ता लातूरला नेऊ. दयानंद म्हणाले होते, पित्त असंल, सौदे झाले की नेऊ. सौदे झाले तेव्हा न्यायला अप्पा राहिले नव्हते.

तेव्हापासून या भावाचा निरोप त्या भावाला शरणम्मा पोचवायची, त्यांची आई. "अव्वा, दादाला सांग तुरीची गाडी मिलवर आली." "अव्वा, त्याला म्हणावं बिल पाठव." पंच्याहत्तरीची बाई दिवसातून वीस वेळा पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत. पुण्यस्मरणाच्या महाप्रसादालासुद्धा दोघांनी दोन वेळा ठरवल्या होत्या, एका मांडवात उभं राहायला नको म्हणून. भावजींची मोंढ्याची माणसं दुपारी बाराला, विरेशची मिलची आणि पाहुणेमंडळी संध्याकाळी.

चार दिवसांपूर्वी अव्वा रडली. "एक बाप, अन् दोन येळेला पंगत? लोक काय शेण घालतील तोंडात." तेव्हा विरेश विरघळला. आपल्या सगळ्या माणसांना त्यानं फोन करून बाराची वेळ दिली आणि अव्वाला सांगितलं, "दादाला सांग. आचारी त्याच्याकडंय. पाचशेचं सांगायचं त्याला."

आणि आता साडेअकरा वाजले होते, आणि संध्याकाळच्या खिरीचे गहू घमेल्यात भिजत पडले होते.

मंजुश्रीला मात्र खिरीपेक्षा निराळीच काळजी होती. आजची पंगत उठली की घरची सगळी बसणार होती, आणि भावजी निकाल देणार होते. तो तिचा निकाल होता.

झालं होतं असं की आठ दिवसांपूर्वी भावजी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर आले, आणि त्यांना कठड्यापलीकडून धाकट्या भावजयीचा आवाज ऐकू आला. ही भावजय पाच वर्षं या घरात होती आणि तिचा आवाज त्यांनी मोजून चार वेळा ऐकला होता. भालकीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडीच येई. मराठीत दोन वाक्यं जोडली की जेवणाच्या ताटावर हशा पिके. प्रेमाचाच हशा, पण तिनं तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. आणि त्या दिवशी ती गच्चीवर ओरडत होती, "सृष्टी, मागं! मागं सर! महामाया, मी पडले, मला सोड, तू पळ!"

भावजी हातातली काठी घेऊन धावले. बघतात तर भावजय पाटावर बसलेली, कानात वायर, हातात मोबाइल, मांडीवर लेकरू झोपलेलं.

चोर नव्हते. गेम होता. आणि त्यात जिला "मागं सर" म्हटलं जात होतं ती त्यांची स्वतःची लेक होती, जी लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते असं सगळं घर समजत होतं.

तो अभ्यास सृष्टी करतही होती. पण अकरावीच्या पहिल्या महिन्यात तिनं मंजुश्रीला रडून फोन केला होता, "काकू, मला घेऊन जा. इथं कुणी कुणाशी बोलत न्हाई. सगळे नुसते लिहितेत." होस्टेलवर मुलींना फोन पाच ते सहा मिळे. त्यातला अर्धा तास मग काकू-पुतणीचा झाला. पाच वाजता शिवांशची दुपारची झोप लांबवायला मंजुश्री काय काय करी ते तिचं तिला ठाऊक. अर्ध्याचा कधी पाऊण होई, हेही खरं. मागच्या महिन्यात सृष्टीचे मार्क उतरले, हेही खरंच. मंजुश्री स्वतःशी खोटं बोलत नव्हती.

गेम साधा. एका बेटावर चौघांना उतरवतात. रिंगण आकसत जातं. एकटा पळतो तो मरतो. पडलेल्याला उचलायला कुणीतरी थांबावं लागतं. तिसरी होती महामाया, किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, जिला मंजुश्रीनं अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मंजुश्रीच्या तोंडून शब्द फुटेना तेव्हा तीच म्हणाली होती, "ओ ताई, बोला की, माईक बिघडलाय का तुमचा?" आणि मंजुश्री बोलली. चुकीचं बोलली असेल. पण गोळ्या चालू असताना हसायला कुणाला वेळ होता?

महामायाचे नियम होते. "आधी नाव घ्या, मग काम सांगा. 'कुणीतरी तिकडं बघा' म्हटलं की कुणीच बघत न्हाई. दोनशे पोरी जेवायला बसवते मी रोज, मला माहिताय." आणि दुसरा, "चूक झाली की ज्याची त्यानं एका शब्दात घ्यायची: 'माझं.' बाकीच्यांनी म्हणायचं, 'चालतं, पुढं.' भांडायचं ते खेळ संपल्यावर. संपल्यावर भांडण आठवतच न्हाई, ती गोष्ट निराळी."

आणि चौथा गडी रोज नवा येई. कोण कुठला, सांगता येत नसे. कुणी नुसता ओरडणारा, कुणी सगळी हत्यारं एकटाच गोळा करणारा, कुणी 'मी मोठा' म्हणत पुढं पळणारा. त्याला शिव्या घातल्या की तो निघून जाई, आणि उरलेल्या तिघी मरत. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत ओळखायचं, याला काय जमतं, आणि तेवढंच त्याच्या हाती द्यायचं.

सृष्टीनं फोनवर त्यांना चौघं लागतात आणि तिसरी किनवटची एवढं सांगितलं, पुढचं भावजींनी ऐकून घेतलं नाही. मंजुश्रीशी ते सरळ बोलतच नसत. ते बायकोला, आरतीअक्काला, मंजुश्रीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "अप्पाचा कार्यक्रम होऊ दे. मग बसू. सृष्टीचा फोन बंद, वरच्यांशी बोलणं बंद. अन् खालची चूल खाली, वरची वर." अक्का काही बोलली नव्हती. वेगळी चूल मंजुश्रीनं सोसली असती. पण लातूरच्या त्या खोलीत पोरगी पुन्हा गप्प झाली असती, ते तिला सोसलं नसतं.

"वैनी, सांगा की काय करू," नरसिंग म्हणाला.

पण तेवढ्यात मंडपाच्या मधोमध आवाज चढले.

"अव्वा, याला विचार, माणसं संध्याकाळी बोलवायची ठरली होती का न्हवती?" भावजी.

"अव्वा, त्याला विचार, निरोप मिळाला होता का न्हवता?" विरेश.

दोघं पाच हातांवर उभे. मधे अव्वा, पदर डोक्यावर, एकदा इकडं मान, एकदा तिकडं. पाचशे माणसं माना वळवून बघायला लागली. भालकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मंजुश्रीच्या आईचा चेहरा पडलेला तिला इथून दिसत होता.

"मला कुणाचा निरोप न्हाई अन् बिरोप न्हाई," भावजी म्हणाले. "अव्वा, तूच सांग. सांगितलं होतंस का मला?"

अव्वानं थोरल्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "न्हाई रे बाबा. इसरले मी. म्हातारं डोस्कं. माझीच चूक हाय. माझ्यामुळंच घराची शोभा झाली."

आणि पंच्याहत्तर वर्षांची ती बाई भरल्या मंडपात कान धरायला लागली.

मंजुश्रीनं शिवांशला आईच्या मांडीवर दिलं आणि ती ओट्यावर चढली. उंचावर कामून गेली, हे तिला नंतर कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं. पण ओट्यावरून चूल दिसत होती, फाटक दिसत होतं, पंगतीची दोन्ही टोकं दिसत होती.

"सृष्टी!" तिनं हाक मारली. सृष्टी सकाळच्याच गाडीनं लातूरहून आली होती आणि बापाच्या नजरेआड पाण्याच्या जारापाशी उभी होती. तिची मान झटकन वर झाली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. बाकी घरातल्या कुणाच्याच नव्हता. "भालकीची बस आणि लेकरं, किती पान? मोजून सांग. नरसिंगमामा, खीर अर्धं ओगराळं वाढली तर?"

"पाचशेला पुरंल. पण पोटाला काय?"

"मुगाची डाळ आणली तर खिचडी किती वेळात?"

"पाऊण तास. पण डाळ..."

"विरेश!"

मंडपातून 'अगं बया' असा एक हळू आवाज आला. नवऱ्याचं नाव. नुसतं. विरेशनं वळून बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरचा राग वाऱ्यावर उडाल्यासारखा झाला आणि तिथं नुसतं आश्चर्य उरलं.

"विरेश, मिलवरून मुगाची डाळ, एक कट्टा. दोन सिलिंडर. छोटा हत्ती टेम्पो घेऊन जा. अक्का! आरतीअक्का, कोठीची किल्ली तुमच्याकडं. तांदूळ काढा, अन् पत्रावळीचा दुसरा गठ्ठा."

आरतीअक्का हलली नाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून ती चालायला लागली.

आता मोंढा. तीनशे माणसं पत्रावळीची वाट बघत बसलेली, ती पाऊण तास उठवायची होती. पाहुण्यांना उपाशी ठेवून घरच्या बाजूच्यांना वाढणं शोभलं नसतं. पण व्यापाऱ्यांना 'उठा' म्हणायचं कुणी?

"भावजी," ती म्हणाली.

मंडपात चार पुरुषांनी मान वर केली. उदगीरात प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा भावजी. ज्यानं वर बघायला हवं होतं तो खाली बघत उभा होता.

आधी नाव घ्यायचं, मग काम सांगायचं. महामायाला काय जातं सांगायला! थोरल्या दिराचं नाव. तिच्या आईनं आयुष्यात घेतलं नव्हतं. आरतीअक्का नवऱ्याच्या नावाचा कुणी पाहुणा आला तर त्यालाही 'अहो ते' म्हणायची. मंजुश्रीला वाटलं, आपण हा शब्द उच्चारला की अप्पांचा फोटो खुर्चीवरून खाली पडेल.

"दयानंद भावजी!"

फोटो पडला नाही. बाकी सगळं थांबलं. नरसिंगचा झारा हवेत राहिला.

दयानंद भावजींनी वर बघितलं. त्यांचे डोळे लाल होते. मंजुश्रीला तो चेहरा ओळखीचा वाटला. मी मोठा म्हणत पुढं पळणारा चौथा गडी. आता एक शब्द वाकडा गेला की निघून जाणार, आणि सगळे मरणार. तिनं आवाज खाली आणला.

"मोंढ्यातली माणसं फक्त तुमचंच ऐकतात. दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई ते. पाऊण तास त्यांना थांबवायचंय. फाटकापाशी बाज आहे, सावली आहे. तुम्ही बोलला तर थांबतील."

मग भावजींनी खांद्यावरचा गमछा काढला, झटकला आणि परत टाकला. आणि त्यांचा सौद्याचा आवाज मंडपावर गेला. हजार पोत्यांच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारणारा तो आवाज.

"शरणू शरणार्थी, मंडळी! पाहुणे कर्नाटकातून आल्यात, लेकरंबाळं संगट हायती. आपण कोण? घरचे! घरच्यांनी मागून जेवायचं असतंय! चला, चला, उठा. किशनराव, तुम्हीबी उठा, तुमचं पोट काय पळून जात न्हाई!"

हशा पिकला. किशनराव सावकाश उठले, आपलं पोट सांभाळत. त्यांच्यामागं सगळा मोंढा उठला.

पुढचे दोन तास मंजुश्रीला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. "काकू, बसची बेचाळीस, लेकरं धरून साठ!" "सृष्टी, पूर्वेकडची रांग, डावीकडून सुरू." आचाऱ्याचे दोन मदतनीस बीदरकडचे निघाले, त्यांना तिनं कानडीत काय ते सांगितलं आणि ते पळत सुटले. भजनी मंडळाच्या बायकांना "शरणम्माबाईंसाठी अजून दोन वचनं म्हणा" असं अक्कानं आपल्या मनानंच सांगितलं, आणि ते मंजुश्रीला सुचलं नव्हतं. मधेच सृष्टीनं खिरीची बादली उलट्या बाजूनं फिरवली. एका टोकाच्या लेकरांना दोनदा खीर आणि दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्यांना मुळीच नाही.

"काकू, माझं!" सृष्टी ओरडली.

"चालतं, पुढं! आता त्या टोकाकडून ये."

फाटकापाशी बाजेवर बसलेल्या भावजींनी हे ऐकलं. त्यांनी मान वळवून लेकीकडं बघितलं. घरी तिच्या हातून कप फुटला तर ती तुकडे लपवायची, आणि मग कुणी फोडला यावर अर्धा दिवस जायचा.

आणि मग मंजुश्रीनं स्वतःच ती घोडचूक केली. पहिली पंगत निम्मी जेवली तेव्हा तिचं लक्ष देवघराच्या दाराकडं गेलं. आत स्वामी बसले होते. पाद्यपूजा झाली होती, आणि त्यांचं पान मांडलं नव्हतं. जंगमाच्या, गुरूच्या आधी पंगत जेवली. या घरात, या समाजात, असं कधी झालं नव्हतं.

अव्वाच्या तोंडून "शिवा शिवा" निघालं. मंजुश्री ओट्यावरून उतरली, दारात जाऊन वाकली. सबबी चार होत्या, सगळ्या खऱ्या होत्या.

"स्वामी, माझं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

म्हातारे स्वामी हसले. "लेकरं जेवली का, बाई?"

"जेवलालेत."

"मग मी कशाला उठून बसलोय? वाढ मला. अन् त्या खिचडीचा वास यायलाय, ती आधी वाढ."

ती वळली तेव्हा भावजी मागं उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. स्वामींसाठी आणलेला. तिला वाट द्यायला ते बाजूला सरले.

अडीच वाजता भालकीची बस गेली, साडेतीनला मोंढा उठला. किशनराव जाताना म्हणाले, "दयानंदशेठ, खिचडी लई झकास. संगप्पाच्या नावाला शोभलं." शेवटची पंगत घरच्यांची. चटईवर अव्वा, आरतीअक्का, सृष्टी, बस गेली तरी मागं राहिलेली मंजुश्रीची आई. मांडीवर खिरीनं माखलेला शिवांश. बापाच्या प्रसादाला लेकांनी वाढायचं म्हणून दोघं भाऊ अजून उभे, एकाच्या हातात खिचडीचं पातेलं, दुसऱ्याच्या हातात खिरीची बादली. पाच हातांवर. सकाळी होते तसेच.

"जेवा रे आता तुम्हीबी," अव्वा म्हणाली. "माझ्या इसरभोळेपणानं लेकरांना राबावं लागलं. काय करू, डोस्कंच..."

"विरेश," भावजी म्हणाले.

अक्काचा घास हातात राहिला. वर्षभरात त्या घरात ते नाव त्या तोंडातून निघालं नव्हतं. 'हा' आणि 'याला' एवढंच.

विरेशनं वर बघितलं.

"माझं," भावजी म्हणाले. त्यांचा सौद्याचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. हा कुणा दुसऱ्याच माणसाचा होता. "अव्वानं सांगितलं होतं मला. सोमवारी. मी वजनकाट्यावर होतो. ऐकलं मी. अन् मुद्दाम आचाऱ्याला सांगितलं न्हाई. म्हटलं, यानं परस्पर ठरवलंय, तर निस्तरू दे यालाच." त्यांनी खिचडीचं पातेलं खाली ठेवलं. "अव्वा खोटं बोलली माझ्यासाठी. भरल्या मंडपात कान धरले तिनं. मी बघत उभा होतो."

सृष्टीचे ओठ हलले. तिला उत्तर ठाऊक होतं, मंजुश्रीलाही ठाऊक होतं. पण ते उत्तर देण्याचा हक्क त्या दोघींचा नव्हता.

विरेशनं खिरीची बादली खाली ठेवली. त्याच्या मनात खिरीच्या वेळेपेक्षा मोठं काहीतरी होतं. झोपाळ्यावर छाती धरून बसलेले अप्पा होते, ती दुपार होती. ते एका शब्दानं फिटण्यातलं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. मग त्यानं चटईवर एक पत्रावळ टाकली, पाणी शिंपडलं.

"बस, दादा," तो म्हणाला. "वाढतो."

भावजी बसले. त्यांच्या पत्रावळीवर खिरीचं अर्धं ओगराळं पडलं. विरेशनं क्षणभर थांबून दुसरं अर्धंही वाढलं.

अव्वानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग तिला एकदम आठवलं. "दया, जेवल्यावर तू कायतरी बोलणार होतास ना? सगळ्यांना बसवून?"

मंजुश्रीचा हात थांबला.

"बोललो की, अव्वा," भावजी म्हणाले. "झालं बोलून."

सृष्टीनं काकूकडं बघितलं, काकूनं पत्रावळीकडं. पण सृष्टी सतरा वर्षांची होती, तिला राहवेना. "अन् फोन, पप्पा?"

"मार्क?"

"पुढच्या वेळी वाढवते. खरंच."

"काकूशी बोलायला लागल्यापासून ही पोरगी मला एकदाबी रडून 'घरी ने' म्हणली न्हाई," आरतीअक्का पत्रावळीकडं बघतच म्हणाली. "मला वाटायचं होस्टेलचं खाणं सुधारलं."

भावजींनी खिरीचा घास घेतला, गिळला. "अर्धा तास. अन् अर्धा म्हंजे अर्धाच. परीक्षेच्या महिन्यात तेवढाबी न्हाई." आणखी एक घास. "चौघं लागतेत म्हणालीस ना त्यात? तू, काकू, अन् ती किनवटची. चौथा कोण?"

"रोज नवा असतो. कोणबी येतो, पप्पा."

"कोणबी? अन् एखादा येडा आला, सगळं आपल्याच मनानं करणारा, कुणाचं न ऐकणारा? मग काय करता?"

सृष्टी गडबडली. उत्तर दुसरीकडून आलं. डोक्यावरचा पदर सारखा करत, थोरल्या दिराकडं सरळ बघत मंजुश्री म्हणाली,

"त्याला फाटकावर उभं करायचं, भावजी."

सगळ्यात आधी अव्वा हसली.